टीव्हीवरचे बहिरे आजोबा आणि आपल्या घरातले

मैत्रिणींनो, रात्रीची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की घटकाभर टीव्हीपुढे टेकायचं, हे तुमचं-माझं सगळ्यांचंच सुख. दिवसभराच्या धबडग्यात तेवढंच काय ते निवांत हसणं! विनोदी कार्यक्रम लागला की सासूबाईंपासून शेंडेफळापर्यंत सगळं घर एका ठिकाणी बसतं. मालिकांतल्या कारस्थानांपेक्षा हे कितीतरी बरं, असं मलाही वाटतं. म्हणून आज मी जे लिहिणार आहे ते विनोदाच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, "झालं, बाईंनी आता आमचं हसणंही बंद केलं!"

विषय आहे तो या कार्यक्रमांतल्या एका नेहमीच्या पाहुण्याचा. कधी तो बहिरा आजोबा असतो, कधी तोतरा नोकर, कधी लंगडत येणारा शेजारी, तर कधी जाड भिंगाच्या चष्म्यातून माणसाऐवजी खांबाला नमस्कार करणारा मास्तर. कथेत त्याला फारसं काम नसतं. यायचं, सांगितलं एक की ऐकायचं भलतंच, नाहीतर एकाच अक्षरावर अडकून बसायचं, आणि बाकीच्यांनी हसायचं. लेखकाला पुढचं सुचेना की हा पाहुणा हजर! भाजीला चव आली नाही की वरून तिखट भुरभुरवतात ना, तसं.

हे काही आजचं नाही. झी टीव्हीवर १९९५ साली सुरू झालेली 'हम पाँच' तुमच्यापैकी पुष्कळजणींनी लहानपणी पाहिली असेल. अशोक सराफ त्यात पाच मुलींचे वडील होते. त्या पाचजणींतली पुस्तकवेडी राधिका (काही काळ ही भूमिका विद्या बालन हिने केली होती) कानाने अधू. तिला कमी ऐकू येण्यावरून कितीतरी हशे वसूल झाले. सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागणारे हिंदी सिनेमे आठवा. 'मुझसे शादी करोगी'मध्ये (२००४) कादर खान रोज नव्या व्यंगाने येतात, आज दिसत नाही, उद्या ऐकू येत नाही. २००६ सालच्या 'गोलमाल'मध्ये एका अंध जोडप्याच्या घरात चार टवाळ पोरं घुसतात आणि त्या दोघांना दिसत नाही यावर निम्मा सिनेमा निघतो. 'हाउसफुल ३'मध्ये (२०१६) तर तीन धडधाकट नायक अपंग असल्याचं सोंग घेऊन वावरतात. आपण हसलो, मुलंही हसली. त्यात एवढं काय, असं तुम्ही विचाराल.

त्याचं उत्तर मला आमच्या नानांकडून, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडून मिळालं. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. दारावरची घंटा ऐकू येईना, फोनवर बोलणं ते टाळू लागले, टीव्हीचा आवाज शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत जाऊ लागला. कानाचं यंत्र घेऊ या म्हटलं तर ऐकायलाच तयार नाहीत. पैशाचा प्रश्न नव्हता, त्यासाठी ह्यांनी रक्कम बाजूला काढून ठेवली होती. शेवटी एकदा दुपारी चहा देताना मी पुन्हा विषय काढला, तेव्हा म्हणाले, "सूनबाई, चष्म्याला कुणी हसत नाही. कानातल्या यंत्राला हसतात. तू बघतेस ना रोज टीव्हीवर?"

मी गप्पच झाले. एवढा हिशेबी, कचेरीत मोठ्या हुद्द्यावर काम केलेला माणूस, पण त्याला भीती होती ती आपण त्या कार्यक्रमातला म्हातारा होऊ याची!

बरं, टीव्हीवरचा बहिरा आणि घरातला बहिरा यांत केवढा फरक असतो, हे कधी पाहिलंत का? टीव्हीवरचे आजोबा ठणठणीत आवाजात भलतंच उत्तर देतात आणि वर त्यावर ठाम राहतात. घरातला माणूस तसं करत नाही. त्याला कळतं की आपण काहीतरी चुकीचं ऐकलंय. दोनदा 'काय?' विचारून झाल्यावर तिसऱ्यांदा विचारायला त्याला संकोच वाटतो. मग तो नुसतं हसून मान हलवतो. सगळे हसले की हसतो, विनोद कशावर झाला हे न कळताच. हळूहळू बैठकीतून उठून आतल्या खोलीत जाऊन पडतो. आपण म्हणतो, "वय झालं, आता कशात रस वाटत नाही." रस असतो हो, पण शब्द पोचत नाहीत.

का पोचत नाहीत तेही सांगते, कारण त्यातच त्या विनोदाचं मूळ आहे. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा सगळे आवाज सारखेच कमी होत नाहीत. आधी जातात ते बारीक, उंच पट्टीतले आवाज. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं त्यात येतात. स्वरांचा आवाज भारदस्त, ते ऐकू येतात. म्हणजे कुणीतरी बोलतंय हे समजतं, पण काय बोलतंय ते नाही. मधली गाळलेली अक्षरं माणूस अंदाजाने भरतो. आपण कोड्यात रिकाम्या जागा भरतो तसंच हे. बायकांचे आणि मुलांचे आवाज मुळातच उंच पट्टीचे. म्हणून "मुलाचं बरोबर ऐकू येतं, माझंच तेवढं ऐकू येत नाही!" ही सुनांची जुनी तक्रार असते ना, त्यात सासऱ्यांची लबाडी क्वचितच असते. हे समजल्यावर भलतंच ऐकणाऱ्या माणसाला हसू येत नाही. तो किती कष्टाने ऐकतोय याचं नवल वाटतं.

आणि हे नुसतं मनाला लागण्यापुरतं राहत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि ज्यांवर काही करता येतं अशा १४ गोष्टींची यादी दिली. त्यात ऐकू कमी येणं आणि त्यावर उपाय न करणं हेही आहे. तेव्हा चेष्टेच्या भीतीने यंत्र न घालणारे आजोबा आपल्या गप्पाच तेवढ्या गमावत नाहीत.

दुसरा मासला शाळेतला. मी अर्धवेळ शाळेत मराठी शिकवते. सहावीच्या वर्गात एक मुलगा आहे, हुशार, अक्षर मोत्यासारखं. पण बोलताना अडखळतो. त्या सुमारास एका कार्यक्रमातलं अडखळणारं पात्र मुलांना फार आवडलं होतं. मधल्या सुट्टीत त्याची नक्कल चाले. कुणी या मुलाला मुद्दाम चिडवत होतं असं नाही हं! पोरं आपापसांत नक्कल करत होती, एवढंच. पण या मुलाने हात वर करणं बंद केलं. येत असलेल्या उत्तरालाही "माहीत नाही बाई" म्हणू लागला, कारण ते तीन शब्द त्याला न अडखळता जमत. मैत्रिणींनो, मूल गप्प बसतं तेव्हा शिक्षकाला वाटतं याला येत नाही, आणि गुणपत्रिकेवर तसं उमटतं.

अडखळणं, ज्याला आपण तोतरेपणा म्हणतो, ते भित्रेपणामुळे किंवा आईच्या लाडामुळे येत नाही. बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात ते सुरू होतं, मुलींपेक्षा मुलांत जास्त आढळतं आणि पुष्कळदा घराण्यात आधी कुणाला तरी असतं. बऱ्याच मुलांचं ते आपोआप जातं. पण थट्टा झाली की मूल शब्द टाळायला शिकतं, आणि ती टाळण्याची सवय अडखळण्यापेक्षा चिवट असते. यात एक गमतीची गोष्ट अशी की हीच मुलं इतरांबरोबर एका सुरात वाचताना किंवा गाताना बहुतेक वेळा मुळीच अडखळत नाहीत. त्यामुळे मी वर्गात प्रकट वाचन दोघा-दोघांनी मिळून करायची पद्धत सगळ्यांनाच लावली. कुणालाच वेगळं काढलं नाही. आता तो मुलगा जोडीदाराबरोबर धडा खणखणीत वाचतो. एकट्याने अजून कमीच बोलतो.

मग काय, अपंग माणूस विनोदात आणूच नये का? तसं मुळीच नाही. तो आणला नाही तर ती आणखी एक उपेक्षा. आपल्याच रंगभूमीवरचं देवेंद्र पेम यांचं 'ऑल द बेस्ट' आठवा. नव्वदच्या दशकात या नाटकाने गर्दी खेचली आणि भरत जाधव, अंकुश चौधरी, संजय नार्वेकर ही नावं घरोघरी पोचली. तीन मित्र. एकाला दिसत नाही, एकाला ऐकू येत नाही, एकाला बोलता येत नाही. आणि तिघंही एकाच मुलीच्या प्रेमात! एकाने पाहिलेलं दुसऱ्याला सांगावं कसं, हा खरा पेच. नाटकभर धमाल उडते, पण हे तिघं बिचारे नाहीत. ते लबाड्या करतात, एकमेकांवर जळतात, स्वप्नं पाहतात, अगदी कुठल्याही तरुण पोरांसारखे. पेचातून विनोद निघतो आणि तो पेच ते स्वतः सोडवायला बघतात. खांबाला नमस्कार करणाऱ्या त्या मास्तरापाशी असा काही बेतच नसतो.

'स्टार प्लस'वर २००५ साली सुरू झालेल्या 'बा, बहू और बेबी'मधला देवेन भोजानी यांचा गट्टूही तसाच. वयाने मोठा, समज लहान मुलाची. त्याच्यावरून हसू येई, पण त्या मोठ्या कुटुंबात त्याला त्याची जागा होती, माया होती, रुसवेफुगवे होते. अमेरिकेत २०१६ ते २०१९ या काळात 'स्पीचलेस' नावाची विनोदी मालिका झाली. तिच्यातला जेजे हा मुलगा चाकाच्या खुर्चीत असतो, बोलू शकत नाही. ही भूमिका मायका फाउलर या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलानेच केली. नव्या शाळेत त्याच्या खुर्चीसाठी उतार आहे म्हणतात, आणि निघतो तो कचरा नेण्याचा उतार! हशा होतो तो शाळेच्या कारभाराचा. आणि आपल्या मुंबईच्या निधी गोयल स्वतः पाहू शकत नाहीत. त्या रंगमंचावर उभ्या राहून लोक अंध बाईशी कसे वागतात, न विचारता हात धरून रस्ता कसा ओलांडायला लावतात, यावर लोकांना हसवतात. हसतो आपण आपल्यालाच!

म्हणजे बघा, फरक विषयात नाही, नेम कुणावर धरलाय त्यात आहे. चि. वि. जोशींचे चिमणराव दिलीप प्रभावळकरांनी मुंबई दूरदर्शनवर उभे केले तेव्हा आपल्या आई-मावश्या पोट धरधरून हसल्या. कशाला? त्यांच्या भित्रेपणाला, मोठेपणा मिरवायच्या हौसेला, फजितीला. हे दोष थोडेफार आपल्यातही असतात, म्हणून ते हसू कुणाला बोचत नाही. कान किंवा जीभ हा काही स्वभाव नव्हे.

हीच गोष्ट सर्वोच्च न्यायालयानेही सांगितली आहे. २०२३ साली आलेल्या 'आँख मिचोली' या हिंदी सिनेमाच्या जाहिरातीत विसरभोळेपणाचा आजार असलेल्या वडिलांना 'भुलक्कड बाप' आणि अडखळणाऱ्या मुलाला 'अटकलेली कॅसेट' अशी विशेषणं होती. स्वतः दिव्यांग असलेले कार्यकर्ते निपुण मल्होत्रा न्यायालयात गेले. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पारडीवाला यांनी ८ जुलै २०२४ रोजी निकाल दिला. सिनेमावर बंदी घातली नाही, पण फरक स्पष्ट केला. एक विनोद अपंगत्वाबद्दलची आपली समज वाढवतो, दुसरा त्या माणसाला खाली दाखवतो. पहिल्याला मोकळीक हवी, दुसऱ्याला आळा. आणि अशा माणसांबद्दल लिहिताना त्यांना विचारून, त्यांना बरोबर घेऊन लिहा, असंही सांगितलं. २०२५ साली यूट्यूबवरच्या काही विनोदवीरांनी एका दुर्धर स्नायुविकाराच्या रुग्णांची आणि इतर दिव्यांगांची चेष्टा केल्याची तक्रार न्यायालयापुढे आली, तेव्हा ऑगस्टमध्ये त्यांना जाहीर माफी मागायला सांगण्यात आलं. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा तर आहेच. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, आणि चारचौघांत एखाद्या दिव्यांगाचा हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली. ही माणसं कुठल्या ना कुठल्या घरात, टीव्हीपुढेच बसलेली असतात.

पण कायदा काही आपल्या दिवाणखान्यात येऊन बसत नाही. तिथलं आपल्यालाच बघायला हवं. म्हणून मला उपयोगी पडलेल्या काही गोष्टी सांगते.

मुलं हसत असताना रिमोट हिसकावून घेऊन व्याख्यान देऊ नका. मुलं ऐकत तर नाहीतच, उलट तोच विनोद चोरून बघतात. कार्यक्रम संपल्यावर सहज विचारा, "अरे, त्या आजोबांना नीट ऐकू आलं असतं तर त्या प्रसंगात काही गंमत उरली असती का?" मुलं फार चटकन ओळखतात. आमचा धाकटा आता स्वतःच म्हणतो, "आई, ह्यांना काही सुचलं नाही वाटतं आज!"

घरातली टोपणनावं तपासा. बहिरट, तोतऱ्या, लंगड्या, चकण्या ही नावं आपल्याकडे मायेनेही घेतली जातात. पण ज्याला ती चिकटतात त्याला लग्नाच्या पंगतीतही तीच ऐकावी लागतात.

कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी स्वयंपाकघरातून ओरडून बोलू नका. कुकरची शिट्टी, नळाचं पाणी आणि टीव्ही यांच्या वर आवाज काढला तरी व्यंजनं पोचत नाहीत. जवळ जा, आपल्या तोंडावर उजेड येईल असं समोर बसा आणि नेहमीच्या आवाजात, थोडं सावकाश बोला. एखादं वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा ओरडण्यापेक्षा शब्द बदलून सांगा. आणि "जाऊ दे, काही नाही" असं कधीही म्हणू नका. त्या एका वाक्याने माणूस जितका दुखावतो तितका कशानेच नाही.

यंत्र घेण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, कधी नुसता मळ साठलेला असतो. मग श्रवण चाचणी करून त्याप्रमाणेच यंत्र घ्या, जाहिरात पाहून नको. मुंबईत वांद्र्याला १९८३ सालापासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. कानाची तपासणी आणि अडखळण्यावरचे वाचा-उपचार दोन्ही तिथे होतात. यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत भांड्यांचा खणखणाट कानात घुसतो, म्हणून माणूस ते काढून ठेवतो. तेव्हा आधी शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना घालायला सांगा.

अडखळणाऱ्या मुलाचं वाक्य आपण पुरं करू नका. "हळू बोल, श्वास घे" असंही सांगू नका. त्याने कसं म्हटलं यापेक्षा काय म्हटलं याकडे लक्ष आहे हे त्याला दिसू द्या. वर्षभरात फरक पडला नाही, किंवा मूल बोलणंच टाळू लागलं, तर वाचा-उपचार तज्ज्ञांकडे न्या.

आमच्या नानांनी अखेर यंत्र घेतलं. जेवताना आणि नातवंडांशी बोलताना घालतात. पाहुणे आले की मात्र अजूनही खिशात जातं. मी आग्रह करत नाही. पाहुण्यांच्या घरीही तोच टीव्ही असतो ना!

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री कार्यक्रम लागेल तेव्हा खुशाल हसा. फक्त हसता हसता एकदा खोलीत नजर फिरवा. सगळे हसताहेत ना, की कुणी नुसती मान हलवतंय, हे बघा. मान हलवणारं कुणी दिसलं तर जवळ जाऊन बसा आणि विनोद काय झाला ते त्यांना नीट समजावून सांगा. आणि सांगण्यासारखा नसेल, तर तो कसा होता हे तुमचं तुम्हालाच कळेल.